कोणाचा हात?

चिचगडकडच्या बीटवरची ती केस आठवली की आजही आधी घाबरायला होतं, मग हसू येतं. मी सोलापूरकडचा. शाळा लवकर सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि हवालदार होऊन इकडे आलो. इथली बोली आपल्याला कळेल का, हीच धास्ती असायची.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. दवाखान्यातून ठाण्यात खबर आली : बाई बांधावरून घसरली, हात मोडला. नवऱ्याने गावभर तेच सांगितलं होतं. मी चौकशीला निघालो, तेवढ्यात तिच्यासोबत रोवणी करणाऱ्या एका म्हातारीचा फोन आला.

"साहेब, जे बाई दिवसभर चिखलात उलटी चालते, ते बांधावरून घसरंल का?"

महिला शिपायाला घेऊन दवाखान्यात गेलो. नवऱ्याला बाहेर बसवलं. बाई म्हणाली, "काठीनं मारलं. आन् वरून मलेच घसरली म्हणून राहिला." जबाब घेतला, गुन्हा दाखल झाला.

ठाण्यात नवऱ्याचं एकच पालुपद. "साहेब, हात लागला."

"कोणाचा?"

"लागून गेला, साहेब."

मारणारा माणूस बोलताना स्वतःला वाक्यातून अलगद काढून घेतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. मी आवाज चढवला नाही. "कोणाचा?" एवढंच विचारत राहिलो. शेवटी मान खाली घालून तो म्हणाला, "माझा."

आमच्या ठाणेदार मॅडमनी बाईला एकटीला विचारलं, "खटला चालेलच. त्याशिवाय तुला काय हवं?"

"जेथं मले घसरली म्हणाला, तेथंच खरं सांगावं. रोवणीच्या बायांपुढं. मंग कुठं राहायचं, ते मी ठरवीन."

मॅडमनी दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं. नको वाटेल तेव्हा थांबवायचा हक्क तिचा, असं बजावलं. मग आम्ही सगळे बांधावर जमलो. ती प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून उभी.

त्याने सुरुवात केली, "त्या दिवशी हात लागला..."

म्हातारी ओरडली, "कोणाचा रे? बैलाचा का?"

बायांचा हशा उसळला. हा चिडला तर काय, म्हणून मी दोन पावलं पुढे सरकलो. पण त्याची नजर बायकोकडे गेली. ती हसत नव्हती.

"मीच मारलो हिले. काठीनं. हे घसरली नव्हती, मी खोटं बोललो."

"जोरानं सांग," ती म्हणाली. "तिकडल्या बांधीत आयकू नाही गेलं."

तो पुन्हा बोलला, मोठ्याने. लांबच्या बांधीतून, पलीकडच्या त्या भातखाचरातून आवाज आला, "आयकलं वो!" तेव्हा ती हसली, अगदी मोकळं. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी मायकडं राहीन. हात बरा झाला का रोवणीले येथंच येईन."

गुन्हेगाराला शिक्षा झाल्याचं समाधान नोकरीत अनेकदा मिळालं. पण मार खाल्लेल्या बाईला काय हवंय, हे तिलाच विचारायचं असतं, हे मला त्या बांधावर कळलं. त्या बायांचे माझ्यावर उपकारच आहेत. त्यांनी मला शिदोरीला बसवून घेतलं. माझी नजर अजून नवऱ्यावरच होती, हा चिडेल म्हणून. तिने डाव्या हाताने भात वाढला आणि म्हणाली, "खा ना साहेब, आता कायले घाबरून राहिले?"