भरीतवाले नाना आणि माझा राग

अमळनेर तालुक्यात मनःशांतीचा एकच खात्रीचा पत्ता आहे आणि तिथे वांगी भाजली जातात. तो मळा आमच्या भरीतवाल्या नानांचा. हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की पंचक्रोशीतून त्यांना बोलावणं येतं, पण नाना कुणाकडे जात नाहीत. ज्याला खायचं त्याने त्यांच्या मळ्यात यावं, आणि आलं की आधी काम करावं. एका बड्या पुढाऱ्याला त्यांनी भाजलेल्या वांग्यांची सालं काढायला बसवलं होतं. तो बिचारा बोटं फुंकत राहिला आणि तासभर भाषण विसरला.

नाना वांगी विकत घेताना ती हातात तोलून बघतात. जड वांगं बाजूला, कारण त्यात बिया फार. माणसंही ते अशीच तोलतात, हा माझा संशय आहे. वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, हातानेच कुटायची, मिक्सर दिसला तर जेवण बंद. "गॅसवर भाजेल वांगं पोटमा जास, डोकामा नही," असं ते म्हणतात. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्यांच्या तोंडून ऐकताना पटतं.

मी त्यांच्याकडे पोचलो तो भरितासाठी नव्हे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा मी, आणि माझा राग साऱ्या गावाला माहीत. डॉक्टर म्हणाले, शांत व्हा. मी दहा दिवसांचं ध्यानशिबिर केलं आणि शेवटच्या दिवशी चपलांवरून भांडून परतलो. त्यातच मुलीने मला न विचारता नाशिकची नोकरी धरली. मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चार महिने ती माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या आईचा फोन वाजला की मी दाराआड उभा राहून ऐकायचो. मला मुलगी हवी होती आणि माघार नको होती.

शेवटी एका रविवारी दुपारी मी नानांचा मळा गाठला आणि त्यांनी मला वांगी भाजायला बसवलं. मी टोपलीतली वांगी सरळ जाळात रचली. थोड्या वेळाने एक वांगं फटकन फुटलं आणि त्याचा गरम गर माझ्या चष्म्यावर, मिशीवर, नव्या स्वेटरवर. मागोमाग दुसरं. भाकरी थापणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नाना जागचे हलले नाहीत.

"सर, टोचे मारेल नहीत का?"

नव्हते मारले. वाफेचा दाब शिकवून वीस वर्षं पोट भरलेला माणूस वांग्याला सुरीने टोचायचं विसरला होता. मी तापलो आणि वांग्यांनाच बोलू लागलो. नानांनी शांतपणे आपलं उपरणं माझ्या हातात दिलं.

"वाफ थोडी थोडी जाऊ द्या, सर. सगळी एकदम निंघनी, मंग आसंच व्हस."

मी तोंड पुसलं आणि तिथूनच, बांधावर उभा राहून, मुलीला फोन लावला. तिने उचलल्यावर म्हणालो, "जेवलीस का?" ती म्हणाली, "हो बाबा. तुम्ही?" एवढंच. मी रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि भरीत पुढे आलं, तेव्हा नाना शेजारी येऊन बसले. भाकरी मोडता मोडता खालच्या आवाजात म्हणाले, "मन्हा पोऱ्या सुरतले शे. बारा वरीस व्हयनात, आम्हनं बोलनं नही." त्यांनी खिशातून घडीवर झिजलेला कागद काढला. त्यावर एक नंबर होता. "पहिलं काय बोलनं पडस, सर?"

सगळ्या तालुक्याला उत्तरं देणाऱ्या माणसाने मला विचारलं होतं. "काही नाही, नाना," मी म्हणालो. "जेवला का, विचारा." त्यांनी मान हलवली आणि कागद पुन्हा खिशात ठेवला.

पूर्वीचा मी असतो, तर तो कागद ओढून घेऊन नंबर लावून दिला असता. आता मी दर रविवारी मळ्यात जातो. कधी कधी नानांचा हात खिशाकडे जातो आणि तिथेच थांबतो. मी शेजारी बसून वांग्यांना टोचे मारत राहतो.