उंटाला लावलेलं तेल

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीपुढं धरला आणि सायकल बंद करा म्हणाले. मी मंठाळच्या पोस्टात टपाल वाटते. रोज तीन वाड्या, सगळी दगडधोंड्यांची वाट, आणि चालवायला जुनी ताठ सायकल. कंबर गेली ती त्या धक्क्यांनीच. वाड्यांकडं बस जात नाही, स्कूटी घेण्याची ऐपत नाही. सायकल बंद म्हणजे नोकरी बंद, हे डॉक्टरांना कोण सांगणार? नवऱ्याच्या मात्र लगेच लक्षात आलं. सोडून दे, घरी बस, म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की माझं डोकंच फिरलं. सोळा वर्षं मी ती थैली खांद्यावर वागवली होती आणि ती खाली ठेवायला मला कुणी सांगितलेलं चालणार नव्हतं.

त्याच महिन्यात कलबुर्गीला एका भंगाराच्या दुकानात मला ती दिसली. जाड टायरांची, उंच, पुढं शॉक आणि मागंही शॉक, मोटारसायकलीला असतो तसा. वीसेक वर्षांची जुनी परदेशी सायकल. रंग उडालेला, साखळी गंजून वाळलेली, पण सांगाडा कुठंही चिरलेला नव्हता. भंगारवाल्यानं वजनावर दिली. मी ती बसच्या टपावर चढवून घरी आणली.

सासऱ्यांना आमच्याकडं सगळे अप्पा म्हणतात. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली.

"हा उंट कुठनं आणलास? ह्याच्यावर बसून गावातनं जाणार व्हय?"

"व्हय, अप्पा. गावातनंच."

पुढं महिनाभर त्यांनी उंटाकडं बघणंसुद्धा टाळलं.

बसवकल्याणच्या सायकलवाल्यानं मागचा भाग हलवून बघितला. शॉक दबून निकामी झाला होता आणि सांध्यातले बुश, म्हणजे आतल्या गोल कड्या, झिजल्या होत्या. त्याचा उपाय सोपा होता. "वैनी, हलायलंय म्हणूनच खराब हाय. लोखंडी पट्टी वेल्ड करून घट्ट करतो." हलण्यासाठीच तर मी ती घेतली होती. मी सायकल त्याच्या हातातून ओढून घेतली आणि तशीच पुढच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडं नेली. तो मोटारपंपांचे बुश कातायचा. त्यानं फार विचारलं नाही. एका मोडक्या पंपातलं पितळ घेऊन चार बुश कातले, घट्ट झाले म्हणून पुन्हा कातले. शॉक मी मग शेजारच्या पोरांच्या मोडलेल्या सायकलीचा मागून आणला. तो बोटभर आखूड निघाला, तेव्हा त्यालाही त्यानं लोखंडी कान लावून दिले. ब्रेकचे रबर आणि तारा तेवढ्या नव्या घेतल्या. त्या मी घरी मोबाईलवर बघून बघून बसवल्या, त्यातही दोनदा चुकीच्या बाजूनं.

पहिल्या दिवशी वाडीच्या वाटेवरचा मोठा खड्डा आला आणि गेला, कंबर गप्प राहिली. मी पुढं जाऊन थांबले आणि हँडल धरून रडले. आनंदानं रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुवून, तेल लावून पुजायचं, ही आमच्याकडची रीत. विळे, खुरपी, नांगराचा फाळ. ही पूजा अप्पांची. मी अंगणात आले तर फाळाशेजारी माझा उंट उभा होता, कुंकू लावलेला, हँडलला झेंडूची माळ, नखशिखांत चकचकीत. मी होते तिथूनच हात जोडले. जवळ जाऊन बघायचं मला सुचलंच नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्याकडच्या उतारावर मी ब्रेक दाबले. काही झालं नाही. दोन्ही मुठी आवळल्या, तरी सायकल सुसाट. दगडांवरून उडत, पण न पडता ती मला खालपर्यंत घेऊन गेली आणि तिथं आम्ही दोघी तुरीत आडव्या झालो. कोपर सोलून निघालं. उठून ब्रेकचे रबर घासतात त्या चाकाच्या कडेवर बोट फिरवलं आणि वास घेतला. करडईचं तेल.

नाल्यावरच्या दोघांनी हे बघितलं होतं. संध्याकाळपर्यंत चहाच्या हॉटेलात बातमी पक्की झाली की बाईमाणसाला ती सायकल झेपत नाही. नवरा म्हणाला, आता तरी ऐक. तेल कुणी लावलं एवढं सांगितलं असतं तर सगळे गप्प बसले असते. पण मग गाव अप्पांवर हसलं असतं, आणि तेही त्या पूजेसाठी. माझी जीभ कधी कुणासाठी थांबलेली नाही. त्या दिवशी थांबली. उद्या जाणार, एवढंच मी म्हणाले.

सकाळी चाकं घासायला राख घेऊन बाहेर आले, तर अप्पा आधीच बसलेले. तेलाला चिकटलेला चिखल त्यांनी बघितला होता. हातात राख आणि नारळाची शेंडी, दोन्ही चाकांच्या कडा कोरड्याठाक. मला बघून उठले आणि सायकल स्वतः ढकलत निघाले. मी थैली घेऊन मागं. हॉटेलासमोर ते थांबले. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"ब्रेकला तेल मी लावलो. सुनेची चूक न्हाई."

मग हँडल माझ्या हातात दिलं.

मी तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टांग मारली आणि त्याच उताराकडं गेले. ब्रेक ठीक झाले होते. पण उतार अर्धा संपेपर्यंत मी त्यांना हात लावला नाही.