मातीसाठी आणलेला गंधक

मंडळी, आज सकाळी भुसावळच्या आमच्या घरात पोलीस घुसले. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे, आबा, रेल्वेतून निवृत्त झालेत. विलायतेला परतताना त्यांच्या साहेबांच्या बाईंनी त्यांना ब्लूबेरीची दोन रोपं दिली. या झाडाला आंबट माती लागते आणि आमची काळी माती पडली चुनखडीची. म्हणून आबांनी धुळ्याहून गंधक आणला आणि अंगणात बसून तो ओल्या मातीत, पालापाचोळ्यात कालवत होते.

सध्या 'चले जाव'च्या चळवळीत ठिकठिकाणी रूळ उखडले जाताहेत. गंधक म्हटलं की बाँबच! कुणीतरी चुगली केली.

"हाऊ गंधक माटीसाठे शे, भाऊ," आबा म्हणाले.

फौजदारानं उत्तरादाखल काठी घातली. आबांचं मनगट मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. एका शिपायानं रोपं बुटाखाली चिरडली. दुसरा आबांना केसांना धरून फरफटवू लागला. मी कुदळ उचलली आणि त्याच्या डोक्यावर उगारली.

"बेटा, खाले ठेव! त्या तुले गोळी घालतीन!" आबा ओरडले.

मी ठेवली. मग बाँबची दारू आहे का ते बघायला फौजदारानं त्या मातीला काडी लावली. ती काही पेटेना, तेव्हा शिव्या देत सगळे निघून गेले.

हाडवैद्यानं हात बांधलाय. आबांना ताप भरलाय, आणि त्यांना फरफटवणारा तो शिपाई रोज आमच्याच गल्लीतून जातो.

खरं सांगा, कुदळ खाली ठेवली ते मी बरं केलं का?