तोंडाने काही देऊ नये

मी स्पीच थेरपिस्ट आहे. याचं घरी सगळ्यांना हसू येतं, कारण पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसते. पण स्ट्रोकच्या पेशंटचं बोलणं नंतरचं. पहिल्या दिवसांत मी त्याचं गिळणं तपासते. पाणी श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि झटक्यातून वाचलेला माणूस त्याने जातो.

ठाण्यातल्या हॉस्पिटलात मी नवीन होते, तेव्हा कोलशेतचे एक म्हातारे मासेमार दाखल झाले. उजवी बाजू गेलेली, शुद्ध अर्धवट. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला सांगितलं, "पहिले तीन दिवस काढले तर आशा आहे." मग बाजूला येऊन मला विचारलं, "तुझा काय अंदाज?"

"यातून निघतील, सर. गिळता येत नाहीये, पण खोकल्यात जोर आहे. तोंडाने काही गेलं नाही तर निघतील."

घरच्यांनी मात्र 'तीन दिवस' एवढंच धरलं. दुपारी म्हाताऱ्यांची मोठी बहीण गंगाजल घेऊन आली आणि तिने त्यांची हनुवटी धरली. मी मध्ये हात घातला.

"तू कोन गो? भावाला कोरड्या तोंडानं जाव देऊ?"

अशा वेळी मला मराठी सुचत नाही. डोक्यात फक्त कॉलेजातले इंग्रजी शब्द येतात. मी म्हाताऱ्यांच्या बायकोकडे वळले आणि जमेल तसं बोलले. "आजी, हे पाणी पोटात नाही, छातीत जाईल. ते वाचतायत. आपणच बुडवायचं का त्यांना?"

आजींनी नणंदेच्या हातातली बाटली काढून घेतली. "जन्मभर खाडीत बुडला नाय, तो आता खाटेवर बुडंल? तहान तुला लागली असंल तर तूच पी!"

त्यानंतर त्या स्टुलावरून हलल्या नाहीत. चहा पाजायला आलेल्या जावयालाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

तीन दिवस गेले. दूध-पाणी नाकातल्या नळीतून पोटात जात होतं. नवव्या दिवशी ते पूर्ण जागे होते. मी अर्धा चमचा पाणी दिलं आणि गळ्यावर बोटं ठेवली. कंठ वर गेला, खाली आला. ठसका नाही.

"गेलं?" आजींनी विचारलं.

"गेलं."

केसपेपरवर मी लिहिलं, 'तोंडाने द्यायला हरकत नाही.' खाली सही केली. तो कागद सिस्टरकडे द्यायला मी मुद्दाम जरा उशीर केला, पुढचा चमचा आधी आजींच्या हातून जावा म्हणून.