एस्टीत कायदा वाचणारी

न्हावऱ्याला दौंडच्या एस्टीत एक कॉलेजची पोरगी माझ्या शेजारी बसली. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून अंगठ्यानं दाबून ती ग्रामपंचायतीच्या कायद्याचं पुस्तक वाचत होती.

"परीक्षा हाय का गं?"

"न्हाई आजी. दौंडला विद्यार्थ्यांची राजकीय परिषद हाय. गेल्या साली मला पाहुण्यांना हार द्यायला उभं केलं. औंदा मी बोलणार म्हंजी बोलणार. बाई सरपंचांवर. तुमच्या गावात झाली का कुणी?"

"झाली होती."

"सभेत बोलायची का ती?"

"नवरा बोलायचा. ती सह्या करायची."

तिनं ते लिहून घेतलं. मी म्हटलं, "त्याखाली लिही, ती बाई मीच."

तिचं पेन थांबलं. "मग आता बोला की, आजी."

दौंड येईस्तोवर मी बोलत होते.