निपचित पडण्याची नोकरी

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ नेमकं काय काम करतात, हे इमारतीत बरेच दिवस कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची मुलगी शाळेत सांगायची, "बाबा कामावर जाऊन पडून राहतात." बाईंना वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय. त्यांनी आईला बोलावून घेतलं, तर आईनेही शांतपणे तेच सांगितलं.

ते खरोखरच पडून राहायचे. अंतराळवीर परत येतात तेव्हा त्यांचं यान पॅराशूटला लटकत समुद्रात उतरतं. आतली माणसं जखमी किंवा बेशुद्ध असतील, तर त्यांना त्या एवढ्याशा दारातून बाहेर कसं काढायचं, याचा सराव सुटका पथकाला सारखा करावा लागतो. त्यासाठी बेशुद्ध माणूस हवा. पुतळे होते, पण पुतळ्याची मान माणसासारखी कलंडत नाही. आमचे शेजारी आधी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होते. त्यांची उंची आणि वजन पुढच्या अंतराळ मोहिमेतल्या एका अंतराळवीराशी जुळलं, म्हणून त्यांना घेतलं. पुढे ते या कामात इतके मुरले, की एकदा अंग टाकलं की टाकलं. कानाशी ओरडा, तळपायाला गुदगुल्या करा, पापणी हलायची नाही. पथकातल्यांनी त्यांचं नाव ओंडका ठेवलं आणि ते त्यांनी कौतुकाने मिरवलं.

घरात मात्र या नोकरीचा जाच होता. वजन वाढून चालायचं नाही, घटूनही चालायचं नाही. बायको टपाल कचेरीत पार्सलं तोलायची. ती म्हणायची, दिवसभर काट्याकडे बघून डोळे दुखतात आणि घरी यावं तर हे काट्यावर उभे.

मोहीम जवळ आली तसा सराव खऱ्या समुद्रात होऊ लागला. यानाची हुबेहूब प्रतिकृती बोटीने बाहेर न्यायची, पाण्यावर सोडायची, आत ओंडका आणि दोन पुतळे पट्ट्यांनी बांधलेले. अंगात जाड पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, त्याची काच बंद. पोशाखात हवा खेळवायला एक नळी जोडलेली असते. त्या दिवशी लाटा जरा जास्त होत्या. हेलकाव्यांत शेजारच्या पुतळ्याचा पाय सरकला आणि नळी त्याच्याखाली मुडपली.

त्यांना आधी वाटलं, नुसतं उकडतंय. मग डोकं ठणकायला लागलं. जांभया येऊ लागल्या आणि उगाचच पथकाचा राग आला, की कसले रेंगाळताहेत. नंतर लक्षात आलं, की कितीही मोठा श्वास घेतला तरी तो पुरत नाहीये. काच उघडायची कळ हनुवटीखाली असते. डोळे मिटून उघडता यायची त्यांना ती. पण बोटं तिथवर जाऊन चाचपडतच राहिली.

तेवढ्यात वरचं दार उघडलं. त्यांनी हात उचलला. आत उतरलेला पहिला जवान हसून मागच्याला म्हणाला, की ओंडका आज भलताच रंगात आलाय. तो हात खाली पडला, आणि त्यानंतरचं त्यांना काही आठवत नाही.

नियम असा होता, की आत शिरल्यावर सर्वात आधी काच उघडून श्वास तपासायचा. पण सरावात हा माणूस श्वास घेतोय हे सगळ्यांनाच माहीत असायचं. वेळ वाचवायला कुणीतरी तोंडाने म्हणायचं, "काच उघडली असं समजू," आणि पट्टे सोडायला लागायचं. त्या दिवशीही तसंच समजून त्यांना बाहेर ओढलं, तराफ्यावर निजवलं, बोटीवर घेतलं. आज इतका जड का लागतोय, असं कुणीतरी कौतुकाने म्हणालंही. बोटीवरच्या डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे पाणी द्यायला काच उघडली, तेव्हा ओठ निळे पडलेले दिसले.

डॉक्टरबाईंनी प्राणवायू लावला, आणि बोट किनाऱ्याला लागायच्या आत ते शुद्धीवर आले. बायको टपाल कचेरीतून तशीच रुग्णालयात आली. गळ्यात ओळखपत्र, हाताला डिंक. तिने त्यांचे पाय गार पडलेत का, एवढं चादरीखाली हात घालून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

ते घरी आल्यावर पथकप्रमुख भेटायला आले. खुर्ची दिली तरी बसेनात. चूक पथकाची आणि पथकाचा प्रमुख मी, असं त्यांनी सरळ सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सोंग करताहेत की खरंच शुद्ध हरपलीये, हे तुम्हाला ओळखता येतं का?"

"नाही येत," प्रमुख म्हणाले. "ओळखायची गरजच पडू नये, म्हणून तो नियम होता. तोच आम्ही गाळत होतो."

मग कुठे ती चहा ठेवायला उठली.

तब्येत सुधारली, पण धास्ती काही जाईना. स्वेटर डोक्यातून घालताना त्यांना दरदरून घाम फुटायचा. दोनदा ते सराव केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मला जिन्यात भेटले की म्हणायचे, आता तलावावरच बरं. बायकोने जा म्हटलं नाही आणि नका जाऊ असंही म्हटलं नाही.

अशात एका दुपारी मोहिमेची कप्तान स्वतः घरी आली. लहानखुरी, केस बारीक कापलेली बाई. हवा कोंडल्यावर काय काय होतं हे ती वर्गात शिकली होती, पण ज्याच्यावर बेतलं अशा कुणाला भेटली नव्हती. तिने एकेक विचारलं, यांनी सगळं सांगितलं. राग आल्याचं सांगताना ओशाळले, तर ती म्हणाली, की तेच सांगा, तिथे वर मला कुणाचा विनाकारण राग आला तर मी आधी नळी बघेन.

शेवटी यांनी विचारलं, "एवढं सगळं माहीत असून तुम्ही जाता कशा?"

"मला जायचंय," ती म्हणाली. "आणि परतही यायचंय. जाणं माझ्या हातात आहे. परत येणं पुष्कळसं तुमच्या लोकांच्या हातात."

पुढच्याच आठवड्यात ते कामावर गेले. पुतळा असो की माणूस, काच हातानेच उघडायची, असा हुकूम प्रमुखांनी आधीच काढला होता. ओंडका पुन्हा पट्ट्यांत बांधला गेला, काच बंद झाली. दार उघडलं, हनुवटीखाली कुणाची तरी बोटं आली, कळ टकदिशी सुटली आणि गार वारा तोंडावर आला. आयुष्यात पहिल्यांदाच ओंडक्याने सरावाच्या मध्येच डोळे उघडले, आणि मग ते मिटेनात. सगळा सराव पुन्हा सुरुवातीपासून करावा लागला. कुणी हसलं नाही.

यान गेलं आणि परत आलं. त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याकडे टीव्हीसमोर बसलो होतो. यान समुद्रात उतरलं, पथकाने दार उघडलं, आणि कप्तान आपल्या पायांवर, जराशी झोकांड्या खात, बाहेर आली. मागून बाकीचे दोघेही आले. कुणालाच ओढावं लागलं नाही.

"एवढा सराव केलात, सगळा वाया गेला म्हणायचा," बायको म्हणाली.

"गेला खरा," ते म्हणाले. मुलीने आवाज वाढवायला रिमोट हातात घेतला होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला आणि कप्तान पडद्यावर दिसत होती तोवर नुसतेच धरून बसले.