पॅडलवरचे हात

माझ्या मामेभावानं मला फसवलं. पैशात नव्हे. पैशात मला फसवेल असा माणूस निपाणीत अजून दुकान थाटून बसलेला नाही. त्यानं आमच्या दोघांच्या विक्रमातला माझा निम्मा वाटा गिळला आणि सगळा विक्रम स्वतःचा म्हणून बेळगावात भिंतीवर टांगला.

मी निपाणीजवळ हायवेला लागून जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. शाळा दहावीच्या आतच सुटली, पुढचं सगळं जिभेवर कमावलं. मामेभाऊ शहरातला, शिकलेला. यंदा त्यानं रेसिंग सिम्युलेटरचं सेंटर काढलं. चार खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढं तीन तीन स्क्रीन. एका रविवारी दुपारी मी बघायला गेलो, आणि दारातून आत पाऊल टाकताच समोर तो फोटो दिसला. दाराएवढा मोठा केलेला. मामेभाऊच, पण दहा वर्षांचा पोरगा, जुन्या गेमच्या मशीनचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेला, मागं स्क्रीनवर आकडे पेटलेले. खाली लिहिलंय, ‘शहराचा पहिला रेसर’.

बेळगावात खडेबाजारच्या मागच्या बोळात, बांगड्यांच्या दुकानाला लागून एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तीसेक वर्षं झाली. मी तेव्हा शहराला लागून असलेल्या कंग्राळीचा, बारा वर्षांचा. सुट्टीत सायकलवरून मामाच्या घरी भाजी पोचवायची आणि दोघांनी त्या बोळात पळायचं, हा आमचा नेम. मामेभाऊ इतका बुटका की जमिनीवर उभा राहिला तर त्याला स्क्रीनची खालची कड तेवढी दिसायची. म्हणून पार्लरवाल्यानं त्याला सोडावॉटरच्या बाटल्यांचा लाकडी खोका उपडा घालून दिला. खोक्यावर चढल्यावर रस्ता दिसू लागला, पण पाय पॅडलपर्यंत पोचेनात. मग मी खाली बसलो. उजवा तळवा गाडी पळवायच्या पॅडलवर, डावा ब्रेकवर, आणि तोंड मशीनच्या गरम प्लायवूडला चिकटलेलं.

सबंध उन्हाळ्याची सुट्टी मी तो रस्ता पळवला आणि एकदाही पाहिला नाही. तो वरून ओरडायचा, “अण्णा, दाब! सोड, सोड!” आठवडाभरात ओरडायची गरज उरली नाही. गेममध्ये टप्पा ओलांडल्याची घंटी वाजली की मी मनात अकरा मोजायचो, मग डावा तळवा हळू टेकवायचा, टायर किंचाळायच्या आत उचलायचा. पुढं लांब सरळ रस्ता असणार, कारण इंजिनचा आवाज चढतच जायचा. कडेला समुद्र होता म्हणे. झाडं होती म्हणे.

एकदा म्हणालो, “आज मी वर येतो, तू खाली बस.”

तो म्हणाला, “अण्णा, तू खाली हायस म्हणून तर गाडी रस्त्यावर हाय.”

त्या एका वाक्यावर मी उरलेली सगळी सुट्टी खाली बसलो. आज मी स्वतः गिऱ्हाइकाला असंच बोलून गार करतो, म्हणून मला ते वाक्य ओळखता येतं. तेव्हा ओळखता आलं नाही.

विक्रम झाला त्या दिवशी आकडे सगळ्यांच्या पुढं गेले तसं पार्लरवाल्यानं समोरच्या स्टुडिओतून फोटोवाल्याला ओढून आणलं. गेम अजून चालू होता. गलका ऐकून मी उठायला लागलो, तर पार्लरवाला म्हणाला, “तू उठू नगंस रं, गाडी थांबंल.” मी दाबून बसलो. फोटो निघाला तो कमरेच्या वरचा. त्यात खोका नाही आणि मीही नाही.

सेंटरमध्ये मी सरळ विचारलं, “ह्यात खोका कुठाय?”

“कसला खोका, अण्णा?” तो हसला. “बस की, एक फेरी मार.”

काळा टी-शर्ट, त्यावर त्याचंच नाव. चांगली मोठी माणसं त्याला सर, सर म्हणत होती. माझ्या अंगणात ट्रॅक्टरांची रांग उभी असते, मला कुणी सर म्हणत नाही. पोटात जळलं, ते लपवत नाही.

म्हटलं, “तू पण शेजारी बस. पैली फेरी सरावाची, दुसरी खरी. आणि रस्ता मी सांगीन तो.” थोडी घासाघीस झाली. बसलो.

जुन्या मशीनवर गाडी धडकली की कोलांट्या खाऊन पुन्हा रस्त्यावर उभी राहायची, कोरी करकरीत. इथं तसं नाही. स्टिअरिंग हातात झटके देतं. ब्रेक भरलेल्या ट्रॉलीसारखा जड, जास्त दाबला तर चाकं जाम, कमी दाबला तर गाडी रस्त्याबाहेरच्या वाळूत. गवताला चाक लागलं की गिरकी. दोन्ही फेऱ्यांत पहिल्याच वळणाला माझी गिरकी झाली, मग दुसऱ्याही. माझ्या हातांना वळायची सवयच नव्हती, होणार कशी? तो मात्र स्टिअरिंग असं फिरवत होता की बघत राहावं. खरंच सांगतो, बघत राहिलो आणि अजून जळलो. पण प्रत्येक वळणाला तो ब्रेक उशिरा दाबायचा आणि सरळ वाळूत जायचा. कॉम्प्युटरच्या गाड्या पुढं निघून गेल्या, आम्ही दोघं मागं.

त्याची बायको कॉम्प्युटरवर बसते. कोणी कुठं किती दाबलं, किती वळवलं, सगळ्याच्या रेघा त्यात उमटतात. ती रेघा बघून म्हणाली, “भावजी, तुमचं वळण बघवत न्हाय, पण ब्रेक कसला सुरेख! आन् ह्यांचा बघा, करवतीगत.”

“सेटिंग चुकलं असंल,” तो म्हणाला.

“रोज तुम्हीच करताय की सेटिंग.” मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “पर भावजी, तुम्ही हे शिकलासा कुठं?”

म्हणजे तिलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो फडक्यानं स्टिअरिंग पुसत होता, पुसलेलंच पुन्हा पुसत होता. एक खरा शब्द बोलला असता तर मी तिथंच सगळं सोडलं असतं. तो म्हणाला, “अण्णा ट्रॅक्टर चालवतात, पाय बसलेला असतोय त्यांचा.”

मी हातातला चहाचा कप असा ठेवला की बशी फुटली. बशी मी नवी आणून देईन, त्याबद्दल वाद नाही.

फोटो उतरवायलाही मी सांगत नाही. पण जुनं मशीन काही लक्षात ठेवत नव्हतं, म्हणून हे इतकी वर्षं खपलं. नव्या मशीननं रेघा काढून दाखवल्यात. आता त्यानं त्या भिंतीपुढं उभं राहावं आणि बायकोच्या देखत सांगावं: दहा वर्षांचा बुटका पोरगा त्या स्टिअरिंगच्या वर कमरेपर्यंत दिसतो कसा? त्याच्या पायाखाली काय होतं? आणि पॅडलवर हात कुणाचे होते?